श्यामची आई आणि आमचा हप्ता

मराठी घरात अवघड विषय हाताळायची पद्धत पूर्वापार ठरलेली आहे. विषय निघाला की कुणीतरी उठून कुकरखालचा गॅस बंद करायला जातं. कुकर लावलेला नसला तरी जातं. उरलेल्यांपैकी एक जण टीव्हीचा आवाज वाढवतो, दुसरा मुलांना विचारतो, "गृहपाठ झाला का रे?" आणि विषय मिटतो. माणूस गेला की तो देवाघरी जातो. देवाघरी जायला किती वेळ लागतो आणि परतीची गाडी का नाही, असं विचारणाऱ्याला आगाऊ म्हणतात. पैशांचं विचारलं तर "तुला काय करायच्यात नसत्या चौकशा". बाळ कुठून आलं याचं उत्तर "हॉस्पिटलमधून", जे खोटं आहे असं कुणाला म्हणता येत नाही. आणि जातीचं विचारलं तर "आपण नाही हो असलं काही मानत", हे वाक्य इतक्या हळू आवाजात येतं की मानत नाही तर कुजबुजताय कशाला, हा पुढचा प्रश्न पोरांच्या तोंडावर स्पष्ट वाचता येतो.

हल्ली मात्र असं करून चालत नाही. मुलांशी बोला, असं सगळेच सांगायला लागलेत. पालकसभेत समुपदेशक बाई सांगतात, रविवारच्या पुरवण्या सांगतात, सोसायटीच्या हळदीकुंकवालाही एक वक्त्या येऊन सांगून गेल्या. बोलायचं कसं, हे मात्र कुणाला धड ठाऊक नाही. त्यामुळे एक मधली वाट निघाली आहे. आपण बोलायचं नाही, कादंबरीला बोलू द्यायचं. रात्री जेवणं आटोपली की सगळ्यांनी एकत्र बसायचं, मुलांसाठी लिहिलेली एखादी कादंबरी मोठ्याने वाचायची आणि विषय आपसूक निघेल म्हणून वाट बघायची.

आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर या पुस्तकांची मागणी केमिस्टच्या दुकानात करावी तशी होते. "मृत्यूवर काही आहे का? वय वर्षं सात." "घटस्फोटावर मराठीत काय मिळेल? इंग्रजी सोसत नाही त्याला." "मत्सरावर मागे एक सुचवलं होतंत, पूर्ण संपवलं, फरक नाही. आता दुसरं काही?" एका बाबांनी तर जेवणाआधी वाचायचं की जेवणानंतर, हेही विचारलं होतं, आणि त्याला तीन जणांनी गंभीरपणे उत्तरं दिली होती.

खरं म्हणजे यात नवीन काही नाही. अमेरिकेत जिम ट्रिलीज नावाच्या गृहस्थांनी मुलांना मोठ्याने वाचून दाखवा, एवढंच सांगणारं एक जाडजूड पुस्तक लिहिलं, १९८२ साली ते पेंग्विनने काढलं आणि ते तडाखेबंद खपलं. आमच्या आजीला त्यातली थोडी रॉयल्टी मिळायला हरकत नव्हती. ती चातुर्मासात रोज संध्याकाळी पोथी वाचायची. श्रीधर कवींच्या या पोथ्या, पांडवप्रताप काय किंवा हरिविजय काय, अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून घराघरांत मोठ्याने वाचल्या जातायत, आणि त्यातले विषय बघितले तर समुपदेशक बाईंना घेरी येईल. एक गृहस्थ जुगारात बायको हरतो. एक मामा बहिणीची मुलं जन्मली की मारतो. शिवलीलामृतात तर श्रियाळ राजा आणि चांगुणा राणी यांची गोष्ट आहे. दारी आलेल्या अतिथीला नरमांस हवं असतं म्हणून ही दोघं पोटचा चिलया मारतात, आणि आई त्याचं मस्तक उखळात घालून कांडते. शेवटी शंकर प्रसन्न होऊन मूल परत देतो, हे खरं. पण तोवर कांडून झालेलं असतं.

हे सगळं आम्ही पाटावर मांडी घालून ऐकायचो आणि लगेच प्रसादाचा शिरा खायचो. "तुला आता आतून कसं वाटतंय, बाळा?" असं आम्हाला कुणीही विचारलं नाही. वाटायचं एवढंच, की घरी कुणी लांबचे पाहुणे आले तर आपण जरा खेळायला गेलेलं बरं.

तर आमच्याकडे या वाचनाची सुरुवात झाली ती माझ्या आईच्या थोरल्या बहिणीच्या निधनानंतर. धाकटा सहा वर्षांचा. मावशीआजी पुन्हा कधी येणार, असं तो विचारत होता आणि आम्ही घरातले चार मोठे आळीपाळीने कुकर बंद करायला जात होतो. शेवटी बायको म्हणाली, "आपण 'श्यामची आई' वाचू या. त्यात शेवटी आई जाते. तिथपर्यंत पोचेस्तोवर मुलांची तयारी होईल." आमचीही होईल, असं तिला म्हणायचं असावं.

निवड वाईट नव्हती. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ अशा पाच दिवसांत लिहिलं आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झालं. त्याला प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. आश्रमातली प्रार्थना झाली की श्याम सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. म्हणजे हे पुस्तक एकट्याने कोपऱ्यात बसून वाचायचं नाहीच मुळी. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं अशीच त्याची बांधणी आहे. रोज एक रात्र घेतली तर दीड महिना निश्चिंती. १९५३ साली अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं आणि तेव्हापासून अख्ख्या महाराष्ट्राने हे पुस्तक न वाचताच रडायची सोय करून घेतली.

वाचायचं काम नानांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे गेलं. नाना एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. ध्वनिक्षेपक बंद पडला तर आगारात काम अडत नसे, असा त्यांचा आवाज. श्यामच्या आईचे हळवे उद्गारसुद्धा ते अशा पट्टीत वाचत की खालच्या मजल्यावरचे काका दुसऱ्या दिवशी जिन्यात पुढे काय झालं म्हणून विचारत. शिवाय श्यामच्या गावाचं, पालगडचं नाव आलं की नाना पुस्तक मांडीवर उपडं ठेवत आणि तिकडे दापोलीवरून कुठली गाडी जायची, खेडवरून कुठली, मुक्कामी कुठली, हे सांगत. गुरुजींनी पाच दिवसांत लिहिलेलं पुस्तक यामुळे आम्हाला बरंच पुरलं.

आता गंमत अशी की आम्ही तयारी केली होती मरणाची, आणि मुलांनी प्रश्न काढले भलतेच.

पोहण्याची गोष्ट आहे ना, श्याम घाबरून लपून बसतो आणि आई त्याला शिमटीने फोडून काढत विहिरीकडे पाठवते? आमच्या पिढीने त्यावर 'आईचं कठोर प्रेम' असे निबंध लिहिलेत. थोरलीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे कळवायला हवं होतं. एक-शून्य-नऊ-आठ." शाळेत त्यांना चाइल्डलाइनचा नंबर पाठ करायला लावला आहे. नाना म्हणाले, "अगं, त्या काळी पालगडात फोन नव्हते." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि हा तुझा बाप पण असाच शिकलाय पोहायला." धाकट्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्या रात्री मला न मागता आंब्याच्या वडीतला अर्धा तुकडा मिळाला.

मग ती मोळीवाल्या म्हातारीची रात्र आली. एका महार म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडलेली असते, शिवाशिवीमुळे तिला हात लावायला कुणी धजत नाही, आणि श्यामची आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर. त्या काळच्या कोकणातल्या ब्राह्मण घरात पहिलं अर्धं वाक्य केवढं धाडसाचं होतं, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण थोरलीला दुसरं अर्धं ऐकू आलं होतं.

"मग आंघोळ कशाला?"

"अगं, त्या वेळी तसं होतं," आई म्हणाली.

"आता नाही?"

"नाही. आता आपण असलं काही मानत नाही."

"मग आपल्या कामाच्या मावशींचा कप वेगळा का आहे?"

ओट्याच्या खालच्या फळीवर, तेलाच्या किटलीमागे एक निळ्या काठाचा कप उलटा घातलेला असतो. आमच्यापैकी प्रत्येकाने तो रोज पाहिलेला आहे. खरं सांगायचं तर आम्ही तो पाहतच नव्हतो. आई काही बोलली नाही. नानांनी घसा साफ केला आणि त्या रात्रीचं वाचन तिथे संपलं असं जाहीर केलं, गाडी रद्द झाल्याचं जाहीर करावं लागतं त्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मावशींना चहा दिला तो आमच्या नेहमीच्या सेटमधल्या सोनेरी काठाच्या कपात. घरातले सगळे स्वयंपाकघराच्या आसपास उगाच काहीतरी शोधत होते. मावशींनी कप हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "अवो आजी, ह्यात काय, दोन घोट. माझा मोठा कुठं गेला?" आईला काय बोलावं कळेना. मग खरं काय ते थोरलीनेच सांगितलं, अगदी सविस्तर, म्हातारीपासून आंघोळीपर्यंत. मावशींनी शांतपणे ऐकलं. "आम्हाला काय म्हाईत नाही व्हय," एवढंच म्हणाल्या आणि पुढे म्हणाल्या, "आता आणताच हाय तर सगळ्यांनाच मोठे आणा." आईने त्याच आठवड्यात सहा मोठे मग आणले. सगळे एकसारखे. आता कुणाचा कुठला ते आम्हालाच ओळखता येत नाही आणि घरात चहा पावडर जास्त लागते.

याच्या पुढचा मुक्काम कर्जाचा. या पुस्तकात 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक' नावाची एक रात्र आहे. सावकाराचा माणूस वसुलीला घरी येतो आणि नाही नाही ते बोलतो, असा सगळा प्रकार. नाना ते शीर्षक मोठ्याने वाचत असताना मी सहज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तारीख पाच. आमचा हप्ता पाच तारखेला जातो.

"बाबा, कर्ज म्हणजे लोन ना?" थोरली.

"हो."

"आपल्यावर आहे?"

बायको कुकर बंद करायला उठली.

"आहे. घराचं आहे."

"म्हणजे आपण नरकात राहतो?" धाकटा.

"टू बीएचके आहे रे ते," बायको आतून म्हणाली.

"सावकार येऊन दारात ओरडणार?"

"नाही रे. बँक आहे ती. बँक ओरडत नाही. मेसेज करते."

हे ऐकून पोरांचं समाधान झालं असतं. पण नानांनी चष्मा काढला. "किती राहिलंय रे?" त्यांनी विचारलं. इतकी वर्षं आम्ही एका घरात राहतो, पण हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता आणि मी कधी सांगितलं नव्हतं. मी आकडा सांगितला. आई म्हणाली, "मला वाटलं संपत आलं असेल." धाकटा म्हणाला, "मग मला वाढदिवसाला सायकल नको." सगळ्यांना भरून यायच्या आत त्याने दुरुस्तीही केली: "म्हणजे या वर्षी नको. पुढच्या वर्षी गिअरवाली." आणि मग नानांनी, पुस्तकावरची नजर न काढता, आपलंही एक सांगून टाकलं. माझ्या इंजिनिअरिंगच्या वेळी त्यांनी पतपेढीतून कर्ज काढलं होतं आणि ते निवृत्तीच्या पैशांतून फेडलं होतं. मला याचा पत्ता नव्हता. आईलाही नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसलं, आणि त्या रात्री नानांची, पालगडच्या सावकाराने कुणाची घेतली नसेल एवढी झडती घेतली गेली.

मला वाटतं, 'श्यामची आई'च्या बाबतीत आपली पिढ्यान्‌पिढ्या थोडी फसगत झाली आहे. मातृप्रेमाचं महन्मंगल स्तोत्र म्हणून आपण ते छातीशी धरलं. मुलांनी ते सरळ वाचलं तर त्यांना त्यात वाटण्या दिसल्या, गहाणवट दिसली, व्याज दिसलं, जप्ती दिसली, आणि पैसा नसला की बायकांचे दागिने आधी जातात हे दिसलं. त्यांचं बरोबर आहे. गुरुजींनी ते सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे, फक्त आपले डोळे तिथे येईपर्यंत पाण्याने भरलेले असतात. धाकट्याने तर पहिल्याच आजारपणात मुद्द्याला हात घातला: "डॉक्टर का नाही बोलावला? पैसे नव्हते म्हणून?" आणि मग, "आपला मेडिक्लेम आहे ना?" तोही कधी संपतो ते नानांनी विचारून घेतलं.

हे सगळं एरवी विचारायची कुणाची टाप नव्हती. मोठ्याने वाचताना ते जमतं याचं कारण फार गहन नसावं. सगळे जण पुस्तकाकडे बघत असतात, एकमेकांकडे कुणी बघत नाही. प्रश्न श्यामला विचारलेला असतो. उत्तर द्यायला आपण पुढे सरसावलो तर तो आपला मूर्खपणा. शिवाय वाचन संथ चालतं. चित्रपटात आई दोन तासांत जाते. इथे ती रोज थोडी थोडी खंगते, आणि मधल्या दिवसांत तिची चौकशी मुलं सकाळी दात घासतानाही करतात.

शेवटी ती रात्र आलीच. श्याम दूर असतो, ओढीने घरी निघतो आणि पोचतो तेव्हा आई गेलेली असते. नाना व्यवस्थित वाचत होते. एका वाक्यावर आवाज थांबला. आम्हाला वाटलं पान उलटतायत. त्यांनी खरंच पानं उलटली, पण उलट्या दिशेने, पार सुरुवातीपर्यंत, आणि मग पुस्तकाचा प्रकाशक, मुद्रणालय, त्याचा पत्ता, आवृत्ती आणि किंमत हे सगळं खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. किंमत दोनदा वाचली. "पूर्वी हे फार स्वस्त मिळायचं," असंही म्हणाले. थोरलीने हळूच पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं आणि उरलेलं तिने वाचलं, अडखळत, जोडाक्षरं चुकवत. कुणी दुरुस्त केली नाहीत.

धाकटा आईच्या मरणाला रडला नाही. पुढे तिची मांजर अन्न सोडते आणि जाते, तिथे मात्र त्याने हंबरडा फोडला. रडून झाल्यावर म्हणाला, "मावशीआजीची मनी कुठे आहे आता?" ती शेजाऱ्यांकडे आहे, नीट खाते, हे फोन करून विचारून घेईपर्यंत तो झोपला नाही. मावशीआजी कधी येणार, हे त्याने नंतर विचारलेलं नाही.

नानांचा असा आवाज गेल्यामुळे पुढच्या पुस्तकाला वाचक बदलला. पुस्तक इंग्रजी होतं, ई. बी. व्हाइट यांचं १९५२ सालचं 'शार्लट्स वेब'. विल्बर नावाचं डुकराचं पिल्लू आणि त्याला खाटकापासून वाचवणारी शार्लट नावाची कोळीण. पुस्तक इंग्रजी धरायचं आणि तोंडाने मराठी सांगायचं, हा अनेक मराठी घरांत चालणारा उद्योग. हे काम बायकोच्या भावाने अंगावर घेतलं. मामाने कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकात काम केलेलं आहे. ते तो विसरलेला नाही, आणि कुणाला विसरूही देत नाही. त्याचं डुक्कर वेगळं बोलायचं, उंदीर वेगळा, हंसीण वेगळी. शेतकऱ्याची बायको तर चक्क वऱ्हाडी बोलायची. मुलं हसून बेजार, पण गोष्ट पुढे सरकेना. शार्लट मरायला टेकली तेव्हा तर मामाने दिवे मंद करायला लावले. एकेक शब्दावर थांबे, श्वास, हुंकार, मग पुन्हा श्वास. बराच वेळ झाल्यावर धाकटा जांभई देत म्हणाला, "मामा, आता मर ना."

मामाने ते मनाला लावून घेतलं. त्याला मी सांगितलं की व्हाइट यांनी स्वतःच्या आवाजात ही कादंबरी ध्वनिमुद्रित केली तेव्हा खुद्द लेखकालाही शार्लटचं मरण वाचवेना. त्या परिच्छेदाला सतरा टेक लागले, असं ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी सांगून ठेवलेलं आहे. मामाचं समाधान झालं नाही, नानांचं झालं. "सतरा," ते आईला म्हणाले. "मी एकदाच थांबलो."

मुलांना या पुस्तकातून काय मिळालं म्हणाल, तर मरणाबद्दल फारसं काही नाही. शार्लट मागे ५१४ अंडी ठेवून जाते. एवढ्या मुलांना शाळेत कुठे घेतील, यावर दोघांची गाढ चर्चा झाली. खरी पंचाईत रविवारी झाली. डुकराला नाव असतं म्हणून त्याला मारू नये, हे थोरलीने पुस्तकातून बरोबर उचललं होतं. तिने ताटातल्या रश्श्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, हिचं नाव काय होतं?" मी रस्सा बाजूला सारला. नानांनी ओढून घेतला. "आम्ही नावं विचारत नाही," ते म्हणाले.

मधे 'तोत्तोचान' झालं. तेत्सुको कुरोयानागी यांच्या लहानपणीची, रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या तोमोए शाळेची ती हकिगत आपल्याकडे मराठीतही घरोघरी आहे. पोलिओ झालेला यासुआकी त्यात जातो, म्हणून आम्ही सगळे पुन्हा कंबर कसून बसलो होतो. मुलांनी तो प्रसंग गुमान ऐकला. नाना मोडीत निघालेल्या एस.टी. गाड्यांचे वर्ग करता येतील का, याचा हिशेब करत होते. पण शेवटी १९४५ च्या हवाई हल्ल्यात शाळा जळते, आणि विमानं कुणाची होती हे धाकट्याला हवं होतं. सांगितलं. माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. रविवारच्या व्हिडिओ कॉलला पोराने नमस्कार-चमत्कार काही न करता थेट विचारलं, "काका, तुम्ही तोत्तोचानची शाळा का जाळली?" भाऊ गडबडला. "मी तेव्हा इथे नव्हतो रे," म्हणाला. नोकरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाकडून याहून बरं उत्तर अपेक्षितही नव्हतं.

या सगळ्या उद्योगात मला दोनच प्रकारच्या वाचकांची भीती वाटते. मामाची नाही, तो निदान रंगतो तरी. भीती वाटते ती प्रकरण संपताक्षणी पुस्तक मिटून "मग यातून आपण काय शिकलो?" असं विचारणाऱ्यांची. आमच्या ओळखीच्या एका घरात अशी पद्धत आहे. तिथल्या मुलाला विचारलं, "श्यामच्या जागी तू असतास तर तुला काय वाटलं असतं?" तो म्हणाला, "भूक." त्याला रागावले. वास्तविक त्या पुस्तकाची याहून नेमकी समीक्षा माझ्या वाचनात नाही. दुसरी जात गाळून वाचणाऱ्यांची. नको तो परिच्छेद आला की डोळ्यांनी उडी मारायची आणि आवाजात काही दाखवायचं नाही. हे जमतं असं फक्त मोठ्यांना वाटतं. मुलं शेजारी बसून पान बघत असतात, आणि गाळलेलं नेमकं कुठे होतं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, तुम्ही ऑफिसात असताना, काढून वाचतात.

तेव्हा वाचा, सगळं वाचा, आणि वाचून झालं की गप्प बसा. 'श्यामची आई' काढणार असाल तर एकच विनंती. पहिल्या रात्रीच्या आधी बँकेच्या ॲपवर जाऊन मुद्दल किती राहिलंय ते बघून ठेवा, आणि बायकोला किंवा नवऱ्याला आधी सांगून ठेवा. मुलं विचारतात, आणि तेव्हा कुकर लावलेला नसतो.